व्यसनमुक्ती केंद्राला फोन लावण्याआधी: उपचार मिळवण्याच्या पायऱ्या, क्रमानं

घरातल्या माणसाचं पिणं हाताबाहेर गेलं की बहुतेक कुटुंबं मोबाइलवर 'जवळचं व्यसनमुक्ती केंद्र' शोधतात आणि जो पहिला नंबर लागेल त्याला "गाडी पाठवा" म्हणतात. केंद्र निवडणं हे सहाव्या पायरीवरचं काम आहे. आधीच्या पाच गाळल्या की पेशंटला वाटेतच फिट येते, किंवा महिन्याचे पैसे भरून तो आठव्या दिवशी घरी परततो. कधी ओपीडीत भागलं असतं अशा उपचारासाठी घरावर कर्ज होतं.

हा क्रम मुख्यतः दारूसाठी आहे. गर्द (ब्राउन शुगर), झोपेच्या गोळ्या, एमडी (मेफेड्रोन) यांच्या बाबतीत वेगळं वागायचं तिथे तसं सांगितलं आहे.

## १. अचानक बंद करणं सुरक्षित आहे का, हे आधी ठरवा

"आजपासून एक थेंबही नाही" हा निर्धार ऐकायला चांगला वाटतो. पण रोज, सकाळपासून, वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. मेंदू रोजच्या दारूला सरावलेला असतो. ती एकदम तुटली की तो अतिउत्तेजित होतो. शेवटच्या घोटानंतर साधारण असं घडतं:

- ६ ते १२ तास: हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप नाही.
- ६ ते ४८ तास: फिट येण्याचा धोका.
- १२ ते २४ तासांपासून: भास. कुणीतरी बोलतंय, भिंतीवर किडे फिरताहेत.
- ४८ ते ९६ तास: सर्वांत धोकादायक टप्पा. माणूस बरळतो, वेळ-जागा ओळखत नाही, अंगात ताप, नाडी जोरात. उपचार मिळाला नाही तर मृत्यू येऊ शकतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी माणूस बरा दिसला याला अर्थ नसतो. घात होतो तो बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, घरचे निर्धास्त झाल्यावर.

माळ घातली, देवापुढे शपथ घेतली आणि त्याच दिवशी दारू तोडली, असं आपल्याकडे खूप घडतं. श्रद्धेबद्दल तक्रार नाही. माळ जरूर घालावी, पण तारीख डॉक्टरांना विचारून ठरवावी.

धोका जोखायला हे प्रश्न पुरतात:

- सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला प्यावी लागते का?
- आधी कधी दारू तुटल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का?
- गेल्या श्रावणात किंवा नवरात्रात बंद केली होती का? पहिले चार दिवस कसे गेले?
- सोबत झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू आहेत का?
- कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, डोक्याला मार, मधुमेह, फिटचा आजार यांपैकी काही आहे का?

एका जरी प्रश्नाचं उत्तर काळजीचं असेल तर घरच्या घरी बंद करायची नाही. श्रावणाचं उत्तर मात्र दोन्ही बाजूंनी उपयोगी असतं: महिनाभर काही न होता बंद राहिली असेल, तर ओपीडीत भागण्याची शक्यता वाढते.

इशारा: धोका मोठा असेल तर डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत बाटली फोडून टाकणं, खोलीत कोंडणं असले प्रकार करू नका. दोन-चार दिवस त्याचं पिणं तसंच चालू राहणं हे अचानक तुटण्यापेक्षा कमी धोक्याचं असतं. गाडी मात्र चालवू देऊ नका.

झोपेच्या गोळ्यांचंही हेच. नायट्राझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या (मालेगावकडे ज्यांना 'कुत्ता गोळी' म्हणतात त्या) महिनोन्‌महिने घेणाऱ्यानं एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. त्या हळूहळूच कमी कराव्या लागतात. गर्दची टर्की (गर्द तुटल्यावर होणारा त्रास) भयंकर असते, पण धडधाकट माणसाच्या जिवाला तिचा धोका कमी. खरा धोका नंतर आहे, तो आठव्या पायरीत येईल. गरोदर बाईनं गर्द किंवा तत्सम औषध स्वतःहून तोडू नये, पोटातल्या बाळाला धोका असतो. एमडी बंद केल्यावर शरीरापेक्षा मन कोसळतं: दिवसभर झोप, कमालीची उदासी, मरणाचे विचार. अशा माणसाला पहिले दिवस एकटं ठेवू नका.

फिट आलीच तर: कुशीवर वळवा, मानेभोवतीचे कपडे सैल करा, घड्याळात वेळ बघा, १०८ ला फोन करा. तोंडात चमचा, पाणी, औषध काही घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात फक्त वेळ जातो.

तपासणी: गावातला डॉक्टर सलाईन लावणार असेल तर "हे रोज पितात, जेवण तुटलंय" हे आधी सांगा. अशा माणसाला ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावं लागतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

## २. एका कागदावर माहिती लिहा

सरकारी ओपीडीत डॉक्टरांकडे तुमच्यासाठी काही मिनिटंच असतात. त्या वेळेत "फार पितो हो, घराचं वाटोळं केलं" हे सांगून झालं की केसपेपरवर लिहिण्याजोगं काही उरत नाही. आदल्या रात्री हे लिहून ठेवा:

- काय पितो किंवा घेतो: देशी, हातभट्टी, विदेशी, गोळ्यांची नावं (रिकाम्या स्ट्रिपचा फोटो काढा).
- किती: क्वार्टरमध्ये सांगा. १८० मिलीच्या, ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, त्यामुळे डॉक्टरांना लगेच अंदाज येतो. "थोडी घेतो" यावरून काहीच कळत नाही.
- दिवसातली पहिली किती वाजता, शेवटची कधी घेतली.
- आधी कधी सोडली, किती दिवस टिकली, पुन्हा कशानं सुरू झाली.
- आधीचे उपचार, डिस्चार्ज कार्ड, चालू औषधं (टीबी, शुगर, बीपी, फिट).
- जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न किंवा तसं बोलणं.

शेवटचा मुद्दा घरचे लाजेनं गाळतात. तो सर्वांत वर लिहा. शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध आजच कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवा. दारूच्या नशेत घेतलेला निर्णय काही मिनिटांत अमलात येतो. बाटली हाताशी नसणं एवढ्यानंही जीव वाचतो.

कागदाची एक प्रत फोनमध्ये ठेवा. सोबत आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स.

## ३. त्याच्याशी बोलणं

वेळ निवडा. रात्री पिऊन आल्यावर नको, पहाटे अंगाला कंप सुटलेला असतानाही नको. रोज पिणाऱ्यांच्या बाबतीत सकाळची पहिली घेतल्यानंतरचा, डोकं त्यातल्या त्यात ताळ्यावर असलेला तास-दीड तास बरा. बोलायला एकच माणूस, आणि तो जावई किंवा मेहुणा शक्यतो नसावा. त्यांच्यासमोर नाक कापल्यासारखं वाटतं आणि चर्चा मानापमानावर जाते. थोरली बहीण, जुना मित्र, आई यांचं बहुधा ऐकलं जातं.

मागणी लहान ठेवा. "आयुष्यभर सोड" यावर कुणी हो म्हणत नाही. "गुरुवारी सकाळी माझ्याबरोबर सिव्हिलला चल, एकदा रक्त तपासू, तुझ्या झोपेबद्दल विचारू" यावर म्हणतात. झोप, पोट, हाताचा कंप, अशक्तपणा यांतली एखादी तक्रार त्याला स्वतःलाही छळत असते. तिथून सुरुवात करा.

हो म्हटलं तर दोन दिवसांत नेता यावं म्हणून अपॉइंटमेंटची चौकशी आधीच केलेली असावी. आजचा होकार पुढच्या सोमवारपर्यंत टिकत नाही.

इशारा: 'रुग्णाला न कळता दारू सोडवा' अशा जाहिरातींतली पावडर जेवणात मिसळू नका. तिच्यात काय आहे हे पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम (दारूशी रिॲक्शन होणारं औषध) असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून, हृदयाची लय बिघडून तो दगावू शकतो. हे औषध चांगलं आहे, पण ते घेणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

## ४. पहिला फोन आणि पहिला डॉक्टर

फोन:

- १४४४६: व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, मोफत. जिल्ह्यातली सरकारमान्य केंद्रं विचारायला हाच नंबर.
- १४४१६: टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीत. आत्महत्येचं बोलणं, भास, घरच्यांची स्वतःची घालमेल यांसाठी.
- १८००-११२-३५६: फक्त तंबाखू, गुटखा, खर्रा, मिश्रीसाठी.

फोनवर "चांगलं केंद्र सांगा" म्हणू नका. "अमुक जिल्ह्यात सरकारी अनुदानावरचं केंद्र कोणतं, आणि व्यसनोपचाराची ओपीडी कोणत्या सरकारी रुग्णालयात, कोणत्या वारी असते?" असं विचारा.

पहिला डॉक्टर मात्र केंद्राचा नसावा. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, जवळचं वैद्यकीय महाविद्यालय, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञ यांपैकी कुणाकडेही आधी दाखवा. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. गडचिरोलीत 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्ती अभियानानं तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचार क्लिनिकं चालवली आहेत. ॲडमिट करायचं की नाही हे अशा माणसानं ठरवावं, ज्याची कमाई तुमच्या बेडवर अवलंबून नाही.

"आमचा माणूस वेडा नाही, मग मानसोपचारतज्ज्ञ कशाला?" हे वाक्य बहुतेक घरांत निघतं. उत्तर साधं आहे: कंप, फिट, तलफ आणि झोप यांवरची औषधं याच विषयातले डॉक्टर रोज लिहितात.

सिव्हिलला जाण्यापूर्वी फोन करून मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत असतात ते विचारा. काही ठिकाणी ते आठवड्यातले ठरावीक दिवसच येतात, आणि साठ किलोमीटर एसटीनं येऊन "आज डॉक्टर नाहीत" ऐकलेला माणूस पुन्हा येत नाही. सकाळी लवकर पोचा. पेशंटला रांगेत उभं करू नका. केसपेपर तुम्ही काढा, त्याला बाकावर बसवा. दहाच्या सुमारास कंप सुरू झाला तर सिस्टरना तसं सांगा.

पहिल्या भेटीत साधारणतः यकृताच्या तपासण्या, हिमोग्राम, शुगर, ईसीजी लिहून देतात. सुई वापरत असेल तर एचआयव्ही आणि कावीळ बी, सी या चाचण्याही.

## ५. घरी राहून उपचार की ॲडमिट?

घरच्यांना ॲडमिट करायचंच असतं. आठ-दहा वर्षांचा शिणवटा असतो, महिनाभर शांतता हवी असते. हे समजण्यासारखं आहे, पण उपचाराचा निर्णय त्यावर ठरू नये.

ओपीडीतून दारू सोडवता येते, जर आधी फिट किंवा भास झालेले नसतील, मोठा शारीरिक आजार नसेल, आत्महत्येचे विचार नसतील, पहिले पाच ते सात दिवस एक शुद्धीतला माणूस चोवीस तास घरात असेल आणि तब्येत बिघडली तर तासाभरात दवाखाना गाठता येईल. क्लोरडायाझेपॉक्साइड, लोराझेपामसारखी औषधं पहिल्या दिवशी जास्त आणि रोज कमी करत देतात. गोळ्या घरच्यांच्या ताब्यात राहतात. प्यायलेला असेल तर पुढचा डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. दारू आणि या गोळ्या एकत्र आल्या तर श्वास मंदावतो. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, नाहीतर दारूच्या जागी गोळीची सवय लागते.

वरच्यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर ॲडमिट.

तपासणी: 'डिटॉक्स' आणि 'पुनर्वसन' यांतला फरक डॉक्टरांकडून समजून घ्या. शरीरातून दारू उतरवणं पाच ते दहा दिवसांत होतं आणि ते रुग्णालयात झालेलं बरं. तलफ ओळखणं, मित्रांना नाही म्हणणं, घरच्यांशी बोलणं हा पुढचा भाग महिनाभर किंवा अधिक चालतो, त्यासाठी केंद्र असतं. दहा दिवसांनी "आता बरा झाला" म्हणून घरी आणणं ही सर्रास होणारी चूक.

## ६. केंद्र पारखून घेणं

आता केंद्र शोधा, आणि ॲडमिशनच्या आदल्या दिवशी तिथे स्वतः जा. फोटो आणि रिव्ह्यू यांवर विसंबू नका. ऑफिसात बसून चहा घेऊन परतू नका; पेशंट झोपतात ती खोली, संडास आणि स्वयंपाकघर बघायला मागा. दाखवत नसतील तर तिथूनच परत फिरा.

विचारायचे प्रश्न:

1. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का? प्रमाणपत्र बघू द्या. त्याची मुदत वाचा.
2. मानसोपचारतज्ज्ञ कोण, आठवड्यात किती वेळा येतात?
3. रात्री दोन वाजता फिट आली तर ड्यूटीवर कोण असतं, कोणत्या रुग्णालयात नेता?
4. औषधांची नावं रोज लिहून ठेवता का? डिस्चार्जच्या वेळी कागद मिळतात का?
5. फोन कधी करता येतो, भेटायला कधी यायचं?
6. घरच्यांसाठी बैठका आहेत का? डिस्चार्जनंतरचा फॉलोअप किती महिने?
7. फीमध्ये काय धरलेलं नाही? औषधं, तपासण्या, बाहेरचा डॉक्टर? मध्येच घरी नेलं तर पैसे परत कसे मिळतील? लेखी द्या.

सातव्या प्रश्नावर बहुतेक भांडणं होतात, म्हणून उत्तर कागदावर हवं.

लगेच नाही म्हणा, जर: शंभर टक्के गॅरंटी देत असतील, दारू, गर्द, गांजा सगळ्यांना एकच 'आयुर्वेदिक डोस' असेल, तीन महिने भेट नाही, फोन नाही अशी अट असेल, पेशंटला न बघताच सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागत असतील, आधारची मूळ प्रत ठेवून घेत असतील, किंवा "चार मुलं पाठवतो, उचलून आणतो" म्हणत असतील.

### उचलून नेण्याबद्दल कायदा काय म्हणतो

२०१७ च्या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थिती येतात. त्यामुळे पेशंटचे हक्क व्यसनमुक्ती केंद्रातही लागू होतात. सज्ञान माणूस स्वतःच्या संमतीनं दाखल होतो. हा नेहमीचा मार्ग. असा पेशंट घरी जायचं म्हणाला तर त्याला सोडावं लागतं, फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं.

संमती नसताना दाखल करायला वेगळी तरतूद आहे, कलम ८९. त्यासाठी 'नामनिर्देशित प्रतिनिधी'चा (पेशंटच्या वतीनं निर्णयात मदत करणाऱ्या माणसाचा) अर्ज लागतो. त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं, त्यांपैकी एक मानसोपचारतज्ज्ञ. आजार गंभीर असून माणसानं अलीकडे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा प्रयत्न वा धमकी दिलेली असावी, हिंसक वागलेला असावा, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्यानं जिवाला धोका असावा. फक्त पितो, पैसे उडवतो, ऐकत नाही ही कारणं पुरेशी नाहीत. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि सात दिवसांत (स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत) मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी होते.

साखळीनं बांधणं, एकांत कोठडी, बळजबरीनं डोकं भादरणं, सक्तीनं काम करून घेणं या सगळ्याला मनाई आहे. 'शिस्त लावतो' असं सांगून कुणी करत असेल तर पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

एक काम माणूस शुद्धीत असताना करून ठेवण्यासारखं आहे. साध्या कागदावर तो प्रतिनिधी म्हणून कुणाचं नाव देतो ते लिहून खाली सही किंवा अंगठा. स्टॅम्प पेपर लागत नाही. पुढे भाऊ की बायको, निर्णय कुणाचा, हा वाद मिटतो.

## ७. पैसे

सरकारी रुग्णालयातली ओपीडी आणि केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावरची केंद्रं यांची चौकशी आधी करा. अनुदानित केंद्रात उपचार मोफत असतात. बेड मर्यादित, म्हणून प्रतीक्षा यादीत नाव घाला आणि तोपर्यंत ओपीडी चालू ठेवा. रिकामं बसून बेडची वाट पाहणं ही चूक महागात पडते.

खासगी आरोग्य विम्यावर फार भिस्त ठेवू नका. मानसिक आजाराला कव्हर देणं कायद्यानं बंधनकारक असलं तरी बहुतेक पॉलिसींच्या अपवादांत 'एक्स्क्ल १२' या कोडखाली दारू, अमली पदार्थ आणि त्यांचे परिणाम वगळलेले असतात. तुमच्या पॉलिसीत तो कोड शोधा आणि कंपनीला ॲडमिट होण्याआधी ई-मेलनं विचारा. महात्मा फुले योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

फीपेक्षा मोठा खर्च बुडालेल्या मजुरीचा असतो. ऊसतोड, बांधकाम, रिक्षा अशा कामांतल्या माणसाला महिनाभर ॲडमिट करायचं म्हणजे घराची चूल कशी चालणार हा प्रश्न आधी सुटला पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्या आठवड्यात परत येतो. हंगामाच्या आधीचे मोकळे आठवडे निवडता आले तर निवडा.

## वाटेतले अडथळे, आणि त्यांना बगल कशी द्यायची

एम्सनं केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. ॲडमिट होऊन उपचार मिळाला तो १८० पैकी एकाला. हे सगळे इच्छाशक्ती नसलेले होते असं म्हणण्यात अर्थ नाही.

पोलिसांची भीती. गर्द, एमडी, गांजा घेणारे यासाठीच डॉक्टर टाळतात. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा: संस्था मान्यताप्राप्त हवी, आणि उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. विक्रीला ते लागू नाही.

"लोक काय म्हणतील", नोकरी, मुलीचं लग्न. उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं केंद्रावर बंधनकारक आहे. नातेवाइकांना काय सांगायचं हे घरात एकदाच ठरवा आणि सगळ्यांनी तेच सांगा. तीन जणांनी तीन आजार सांगितले की गाव बरोबर ओळखतं. जवळची ओपीडी टाळून शेजारच्या जिल्ह्यात जाणारे असतात. पहिल्या भेटीला चालेल, पण फॉलोअप दोन वर्षांचा आहे, तेवढ्या फेऱ्या झेपतील का ते बघा.

बायका. त्यांचं पिणं, गोळ्या, मिश्री घरातच दडवलं जातं आणि बहुतेक केंद्रं पुरुषांसाठीच असतात. पुण्यात येरवड्याला १९८६ पासून चाललेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा 'निशिगंध' हा स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे जमणार नसेल तर मेडिकल कॉलेजच्या स्त्री वॉर्डाची चौकशी करा. तीन वर्षांखालचं मूल असेल तर ते शक्यतो आईपासून वेगळं करू नये असं कायदाच सांगतो. ॲडमिशनच्या वेळी हे बोलून घ्या.

दोन आजार, दोन दारं. नैराश्य किंवा संशयाचा आजार आणि दारू एकत्र असली की एकीकडे सांगतात "आधी दारू सोडा", दुसरीकडे "आधी मनाचं औषध घ्या". अशा वेळी स्वतःचा मानसोपचार विभाग असलेलं रुग्णालयच गाठा, जिथे दोन्ही एका केसपेपरवर चालतं.

तो यायलाच तयार नाही. तरीही तुम्ही एकटे जाऊन डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटू शकता. पैसे कसे द्यायचे थांबवायचे, खोट्या रजा कळवणं कसं बंद करायचं, मारहाण झाली तर कुठे जायचं हे तिथे ठरवता येतं. अल-ॲनॉनच्या बैठका कुटुंबीयांसाठीच आहेत, विनामूल्य. मारहाण होत असेल तर १८१ किंवा ११२ लावा. त्यासाठी त्यानं उपचाराला हो म्हणायची वाट बघायची नसते.

## ८. डिस्चार्जनंतरचे पहिले तीन महिने

पहिला फॉलोअप डिस्चार्जनंतर आठवड्याच्या आत हवा. तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय केंद्रातून निघू नका.

तलफ कमी करणारी औषधं बऱ्याच जणांना दिलीच जात नाहीत, स्वतःहून विचारा. नाल्ट्रेक्झोन घेताना यकृताची तपासणी लागते आणि गर्द किंवा तत्सम पदार्थ सात ते दहा दिवस पूर्ण बंद असावे लागतात, नाहीतर टर्की एकदम उसळते. अकॅम्प्रोसेट दिवसातून तीनदा घ्यायचं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर सांगा. डायसल्फिराम फक्त माहिती देऊन आणि संमतीनं, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी. ते बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी रिॲक्शन होऊ शकते, आणि अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध किंवा टॉनिकही त्यात मोजलं जातं. गर्दवाल्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिन (गर्दऐवजी देखरेखीखाली द्यायचं औषध) सरकारी केंद्रांतून मिळतं. 'एक नशा सोडून दुसरी' असं म्हणून घरचे ते बंद करायला लावतात. तसं करू नका, डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी.

इशारा, गर्द घेणाऱ्यांच्या घरासाठी: महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुनाच डोस पुन्हा घेतला तर श्वास थांबून मृत्यू होऊ शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे. ओठ निळे, बुबुळ टाचणीएवढं, घोरल्यासारखा संथ श्वास दिसला तर १०८ बोलवा, कुशीवर झोपवा, 'झोपू दे' म्हणून सोडू नका. नॅलोक्झोन नावाचं उतारा-औषध रुग्णालयात असतं. "काय घेतलं" हे खरं सांगा.

पगाराचा दिवस, लग्नाची वरात, गावची जत्रा, मयतीनंतरची बैठक हे घसरण्याचे ठरलेले प्रसंग. त्या दिवशी कुणाबरोबर जायचं, किती वाजता निघायचं हे आधी ठरवा. एटीएम कार्ड पहिले काही महिने त्याच्याच संमतीनं दुसऱ्याकडे असू द्या. एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंग जवळ असेल तर पहिल्या आठवड्यातच एकदा दाखवून आणा. पुढे जायचं की नाही ते तो ठरवेल.

स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा घेतलीच, तर:

1. त्या रात्री वाद घालू नका. किती आणि काय घेतलं एवढंच बघा.
2. डायसल्फिराम चालू असताना प्यायला असेल, किंवा गर्द घेतलं असेल, तर थेट रुग्णालय.
3. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर किंवा समुपदेशकाला फोन. केंद्रात पुन्हा भरती करण्याचा निर्णय त्या फोनआधी घेऊ नका. बऱ्याच वेळा औषध बदलून आणि भेटी वाढवून भागतं.
4. पिणं आठवडाभर रोज सुरू राहिलं असेल तर पहिल्या पायरीवर परत या आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. दारू तुटण्याचा त्रास पुढच्या खेपेला आधीपेक्षा जोरात होऊ शकतो, म्हणून "मागच्या वेळी घरीच सुटली होती" हा हिशेब धरू नका.